ट्रकात जीपीएस आणि कॅमेरे बसवून अकरा महिने झाले, बेळगाव भागातल्या गाडीवाल्यांसाठी लिहितोय

ऑटोनगरात गाडी कामाला लावली की दर दुसरा माणूस विचारतोय, कॅमेरे बसवलाय म्हणे, कसे आहेत, पैसे फिटतात काय, ड्रायव्हर टिकले काय. तेच तेच सांगून झालंय म्हणून एकदाच सगळं लिहितो. लांब होणार आहे पण गाडीवाल्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण अर्ध्या गोष्टी डीलर सांगत नाही आणि अर्ध्या त्यालाच माहीत नसतात.

आमच्या नऊ गाड्या. पाच दहा-चाकी आणि दोन सहा-चाकी उद्यमबागच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग घेऊन पुण्याला, चाकणला जातात आणि येताना मिळेल तो रिटर्न लोड आणतात, आणि दोन बोलेरो पिकअप रोज पहाटे भाजी घेऊन चोर्ला घाटानं गोव्याला. वडलांनी एका सेकंडहँड गाडीवर सुरू केलेला धंदा, त्यामुळं जुने ड्रायव्हर मला लहानपणापासनं बघतात, आणि हे सांगायचं कारण पुढं येईल.

गेल्या मार्चात आमची एक दहा-चाकी कराडच्या अलीकडं पहाटे साडेचारला डिव्हायडरवर चढली. ड्रायव्हरला झोप लागली. समोर कुणी नव्हतं, मागं कुणी नव्हतं, त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आणि पाय सुजला तेवढ्यावर निभावलं. मी गाडी काढून कराडला पोचलो तर त्याची बायको आणि मेहुणा माझ्या आधी आलेले. ती दवाखान्याच्या दारात उभी होती, रडत नव्हती, भांडत नव्हती, मला एकच विचारली, "किती तास जागे हुते वो हे?" आणि मला सांगता येईना. गाडी कुठं भरली, किती वाजता निघाली, किती टन होतं, डिझेल किती टाकलं, सगळं माझ्या वहीत होतं. तो किती तास जागा होता एवढंच त्यात नव्हतं. त्याच आठवड्यात मी कॅमेऱ्याची चौकशी सुरू केली.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चार कंपन्यांचे डेमो बघितले आणि काम सगळ्यांचं जवळजवळ सारखंच निघालं, फरक पडतोय तो बसवणाऱ्या माणसात आणि नंतरच्या सर्व्हिसमध्ये. सात मोठ्या गाड्यांना जीपीएस आणि दोन तोंडाचा कॅमेरा, एक तोंड रस्त्याकडं एक ड्रायव्हरकडं, गाडीमागं जीएसटी धरून ११,८०० रुपये. दोन पिकअपना नुसता जीपीएस, ३,२०० रुपये. सगळे मिळून ८९,००० गेले, त्यात पहिल्या वर्षाचं सिम आणि ॲप आलं. पुढच्या वर्षापासनं कॅमेऱ्याच्या गाडीला ३,६०० आणि जीपीएसच्या गाडीला १,४००.

हा जीपीएस-कॅमेऱ्याचा डबा काय करतोय ते थोडक्यात. जीपीएस गाडी कुठं आहे आणि किती स्पीडला आहे ते सांगतोय हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आत अजून एक सेन्सर असतोय तो धक्का ओळखतोय, म्हणजे करकचून ब्रेक मारला, वळणावर गाडी जोरात घातली, तर त्याची नोंद पडते. ड्रायव्हरकडचा कॅमेरा इन्फ्रारेडवर चालतोय म्हणून केबिनमध्ये काळोख असला तरी त्याला डोळे दिसतात, ड्रायव्हरच्या तोंडावर लाईट पडत नाही. पापणी दोन सेकंद मिटलेली राहिली की केबिनमध्ये मोठ्यानं बझर वाजतोय आणि दहा सेकंदांची क्लिप माझ्या मोबाईलवर येते. दोन सेकंद म्हणजे काय असं आमच्यातल्याच एकानं विचारलं होतं म्हणून हिशोब सांगतो, साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते, दोन सेकंदात तेहतीस मीटर, म्हणजे तीन दहा-चाकी एकामागं एक उभ्या केल्या तेवढं अंतर डोळे मिटून गेलं. मोबाईल कानाला लावला, बेल्ट नाही घातला, मान बराच वेळ खाली गेली, ह्याचेही अलर्ट आहेत.

आता पहिल्या महिन्यात काय झालं ते. डीलरनं शिकवलं होतं की रोज सकाळी रिपोर्ट बघायचा, ज्याचे मार्क कमी त्याला बोलवून झापायचं. मी चार दिवस तसंच केलो. पाचव्या दिवशी सगळ्या गाड्यांचे झोपेचे अलर्ट एका कागदावर वेळेनुसार लिहून काढलो आणि मग डोकं चालायचं बंद झालं. सातपैकी पाच ड्रायव्हरांचे अलर्ट पहाटे तीन ते पाचच्या मधले, आणि जवळजवळ सगळे कराड ते साताऱ्याच्या पट्ट्यात. पाच वेगळी माणसं, एक जण पंचविशीतला एक जण पन्नाशीचा, एक पिणारा चार न पिणारे, आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी झोप येते म्हणजे त्यात माणसाचा दोष कुठं राहिला?

मग मी मागं मागं गेलो. त्या गाड्या बेळगावातनं रात्री बारा-सव्वाबाराला निघत होत्या. का, तर फाउंड्रीत लोडिंग साडेअकराला संपत होतं. आणि गाडी गेटवर किती वाजता लागली होती, तर दुपारी दीडला. ॲपमध्ये दीड ते साडेअकरा गाडी "उभी" दाखवते, हिरव्या रंगात, आणि मी आजपर्यंत तेच समजत होतो की गाडी उभी म्हणजे ड्रायव्हरला आराम. आराम कसला! नंबर लागला की गाडी पुढं घ्यायची, क्रेनवाल्याला हाका मारायच्या, पेट्या मोजून घ्यायच्या, ताडपत्री ओढायची, दोर आवळायचे, गेटपाससाठी ऑफिसच्या खिडकीपुढं उभं राहायचं. उन्हाळ्यात उद्यमबागच्या त्या पत्र्याच्या शेडशेजारी केबिनमध्ये कुणाला झोप लागणार आहे? तो माणूस सकाळी सहाला घरातनं उठलेला, पहाटे साडेचारला कराडजवळ पोचतोय तेव्हा साडेबावीस तास जागा असतोय.

त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर मला असं सहा-सात आठवड्यांनी मिळालं. साडेबावीस तास.

कायद्याचं बघायला गेलं तर १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्टातच लिहिलेलं होतं (२०२५ च्या नोव्हेंबरात त्याच्या जागी नवा लेबर कोड आला), दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग ५ तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती. आमच्या धंद्यात हे कुणी पाळत नाही हे आपण सगळे जाणतो. पण ह्यात अजून एक गंमत नसलेली गोष्ट बघा, स्टिअरिंगवर तो माणूस जेमतेम सव्वाचार तास होता, म्हणजे नुसतं गाडी चालवण्याचे तास मोजले तर कागदावर सगळं बरोबरच दिसलं असतं. जीपीएसवाले जो "ड्रायव्हिंग अवर्स"चा रिपोर्ट देतात तो ह्या कामाला उपयोगाचा नाही, जागेपणाचे तास आपले आपण धरायला लागतात.

आणि अजून एक, हे लिहायला जड जातंय पण लिहितो. आम्ही सकाळी आठच्या आत चाकणला पोचणाऱ्याला ५०० रुपये वेगळे देत होतो. वडलांच्या वेळेपासनंची रीत. ड्रायव्हर खूश, मालाची पार्टी खूश. सरकारच्या २०२२ च्या रिपोर्टात देशभरात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेल्याची नोंद आहे आणि त्यातले सत्तर टक्क्यांच्या वर मृत्यू ओव्हरस्पीडिंगच्या खात्यात आहेत. मी तो आकडा पेपरात वाचून ड्रायव्हर लोकांना सुनावलो होतो. गाडी का पळवत होता, कुणी पाचशे रुपये दाखवले होते, हे त्या खात्यात येत नाही.

ते पाचशे बंद केलो म्हणजे ड्रायव्हरांचं नुकसान, म्हणून तेच पैसे दुसरीकडं वळवले. आता पहाटे अडीच ते साडेचारच्या मध्ये कुठल्याही लाईट असलेल्या पंपावर किंवा ढाब्यावर दोन तास गाडी लावून झोपला की ३०० रुपये हॉल्ट भत्ता, मला फोन करून विचारायची गरज नाही, जीपीएसवर दिसतंय. आणि खरा फरक पडला तो दुसऱ्या गोष्टीनं. लोडिंगला म्हणून एक लोकल ड्रायव्हर ठेवलाय, महिन्याला १४,०००. तो दिवसभर गाड्या गेटवर लावतोय, भरून घेतोय, ताडपत्री बांधून यार्डात आणून उभी करतोय. लाईनचा ड्रायव्हर दुपारी घरी झोपून रात्री जेवून नऊला येतोय. दोन फाउंड्र्यांच्या मॅनेजरांकडं कागद घेऊन गेलो, हे बघा साहेब तुमच्या गेटवर माझी गाडी सरासरी नऊ तास उभी असते. एकानं सातपर्यंत गेटपास द्यायला सुरू केला. दुसरा म्हणाला तुमच्या गाड्या नको असतील तर दुसऱ्या आहेत. आहेत की, खऱ्याच आहेत, त्यामुळं तिथं अजून तसंच चाललंय.

आता झोपेचे खरे अलर्ट महिन्याला सगळ्या गाड्यांचे मिळून चार-पाच येतात. पहिल्या महिन्यात एकसष्ट होते. हा माझा सात गाड्यांचा हिशोब, त्यावरनं कुणी मोठं गणित मांडू नका, पण माझ्यापुरतं पुरे आहे.

फोनचं सांगायचं राहिलं. सुरुवातीला अलर्ट आला की मी लगेच ड्रायव्हरला फोन लावायचो, अरे काय झोपतोस काय म्हणून. एकदा रात्री एका पोराचा झोपेचा अलर्ट आला आणि लगेच मागनं दुसरा, मोबाईल वापरतोय म्हणून. मला राग आला, झोपतोय काय आणि वर फोन काय. क्लिप उघडली तर एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं सीटवर फोन चाचपतोय, स्क्रीनवर माझंच नाव. पंच्याहत्तरच्या स्पीडला, कोल्हापूरच्या पुढं, जिथं सहापदरीच्या कामानं रस्ता दर किलोमीटरला इकडचा तिकडं वळवलाय. त्या दिवसापासनं चालत्या गाडीला ऑफिसातनं फोन लावायचा नाही हा आमच्याकडं नियम आहे. बझर त्याच्यासाठी आहे, तो वाजला की तो सावध होतोय, पाणी मारतोय, गाडी बाजूला घेतोय. मी गाडी थांबलेली दिसली की मग बोलतोय. पार्टीच्या लोकांनाही सांगितलंय, गाडी कुठं आली हे मला विचारा, ड्रायव्हरला नाही, आणि त्यांना लोकेशनची लिंक पाठवून देतो. नुसत्या ह्या लिंकनं ड्रायव्हरच्या फोनवर येणारे निम्मे कॉल कमी झाले असतील. घेणाऱ्यांनी डीलरकडनं हे लिंकचं फिचर आहे की नाही ते आधी विचारून घ्या.

आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरांना आम्ही सगळे मामा म्हणतो. हुक्केरीकडचे, माझ्या वडलांच्या पहिल्या गाडीवर क्लीनर होते. त्यांच्या गाडीचे झोपेचे अलर्ट यायला लागले ते संध्याकाळी सात ते नऊमध्ये. ह्या वेळेला कुणाला झोप येते? डीलरचा पोरगा म्हणाला काहींचे डोळेच बारीक असतात, कॅमेऱ्याला मिटल्यासारखे वाटतात, सेटिंग बदलून देतो. बदलला. दिवसा एकही अलर्ट नाही, अंधार पडला की परत सुरू. मग मी त्यांच्या आठ-दहा क्लिपा एकदम बसून बघितल्या. प्रत्येक क्लिपमध्ये समोरनं गाडी येते, केबिन उजळते, आणि मामा डोळे गच्च बारीक करतात, मान थोडी डावीकडं वळवतात, गाडी गेली की परत सरळ. एकदा नाही, प्रत्येक वेळेला तसंच, मान डावीकडं. त्यांना घरी बोलवून चहा पाजला आणि क्लिप दाखवली. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "झोप न्हवती रे बाळा. समोरनं लाईट मारत्यात की सगळी, उजव्या डोळ्यात नुसतं पांढरं पांढरं पसरतंय. तुला सांगितलो असतो तर गाडी काढून घेतला असतास."

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन केलं, दीड महिना पगार चालू ठेवला, आता रात्रीची लाईन दिली नाही, दिवसा कोल्हापूर-सांगली करतात. मग सगळ्यांचे डोळे तपासून घेतले तर अजून दोघांना चष्मा लागला, त्यातला एक सत्तावीस वर्षांचा. लायसन रिन्यूअलला मेडिकलचा कागद लागतोय हे खरं, तो कागद कसा मिळतोय हेही सगळ्यांना माहीत आहे. तर कॅमेरा घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे की नुसता अलर्टचा आकडा बघू नका, क्लिप उघडून बघा, आणि ड्रायव्हरला शेजारी बसवून बघा.

घाटाकडं वळतो. निपाणीच्या अलीकडचा तवंदी घाट, काकतीच्या पुढचा वंटमुरी, खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते एस वळण, आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातनं नवले पुलापर्यंतचा उतार, ह्या चार ठिकाणी ॲपमध्ये गोल आखून वेगळं स्पीड लावता येतं, त्याला जिओफेन्स म्हणतात. कायद्यानं मालगाडीला चारपदरीवर ८० चालतंय, आम्ही सगळीकडं ७० ला आणि ह्या उतारांवर ३० ते ४० ला बझर लावलाय. पण उतारावर नुसतं स्पीड बघून भागत नाही, खरा धोका न्यूट्रलचा. २०२२ च्या नोव्हेंबरात नवले पुलावर एका ट्रकनं चाळीसच्या वर गाड्या उडवल्या ते सगळ्यांच्या लक्षात असेल, त्यात पोलिसांच्या पहिल्या तपासात हेच आलं होतं की डिझेल वाचवायला उतारावर इंजिनच बंद केलं होतं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, हवा भरणार नाही, दहा वेळा ब्रेक दाबला की टाकीतली हवा संपते, पॉवर स्टिअरिंगही जड होतंय. न्यूट्रलला हवा भरते पण इंजिनाचा रेटा राहत नाही, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर, तो तापून तापून शेवटी धरतच नाही.

आमच्या बीएस-सिक्स गाड्यांना डबा ओबीडीला, म्हणजे इंजिनाची माहिती देणाऱ्या सॉकेटला, जोडलाय त्यामुळं आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, दिसतंय, स्पीड पन्नास आणि आरपीएम सहाशे म्हणजे गाडी न्यूट्रलला आहे हे उघड आहे. दोन जुन्या गाड्यांना ते मिळत नाही, तिथं डीलर काहीही सांगो, न्यूट्रल कळत नाही, हे विकत घेताना नीट विचारा. मी ड्रायव्हरांना रागावण्यापेक्षा मेकॅनिकला यार्डात बोलवून सगळ्यांसमोर दाखवायला लावलं की नवीन इंजिनात गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की पंप डिझेल सोडायचंच बंद करतोय, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतंय. तीस वर्षं जे डिझेल वाचतंय म्हणून केलं ते वाचतच नव्हतं हे कळल्यावर एक-दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मामा मागनं म्हणाले, आमचा उस्ताद सांगायचा, ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. तेवढं वाक्य आता प्रत्येक केबिनमध्ये चिकटवलंय, मराठीत आणि कन्नडमध्ये.

आता जे चालत नाही ते. लेन सुटल्याचा अलर्ट पूर्ण बंद करून टाकलाय. ज्या रस्त्यावर पट्टेच नाहीत तिथं तो एक तर वाजत नाही नाहीतर वाजतच राहतोय, आणि जो बझर सारखा वाजतोय तो ड्रायव्हर दोन दिवसांत ऐकायचा बंद करतोय, मग खऱ्या वेळेलाही ऐकत नाही. एकानं बझरवर कापड कोंबलं होतं, मी त्याला काही बोललो नाही, लेनचा अलर्ट बंद केलो आणि कापड त्यानंच काढलं. समोरची गाडी जवळ आली की वाजणारा अलर्ट हायवेवर चांगला चालतोय, पण आपल्या भागातली सगळ्यात मोठी भीती त्याला दिसत नाही. ऊस सुरू झाला की संकेश्वर, निपाणी, चिकोडी सगळीकडं रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर उसाच्या वाड्यानं झाकलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. कॅमेऱ्याला ती गाडीच वाटत नाही. डिसेंबरात एका ड्रायव्हरनं तवंदीच्या चढाला अशा ट्रॉलीच्या पाच फुटांवर गाडी थांबवली, क्लिप आहे माझ्याकडं, डब्यानं एक शब्द काढला नाही, त्याच्या डोळ्यानं आणि पायानं वाचवलं. कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीच्या मागं गोणपाटाएवढं रिफ्लेक्टरचं कापड बांधूनच गेटातनं बाहेर सोडावं, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे आणि ते कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा जास्त जीव वाचवेल, हे मी ओळखीच्या दोन-तीन जणांना सांगितलंय, इथंही सांगतो.

तंबाखूचं एक. मळताना दोन्ही हात स्टिअरिंगवरनं निघतात आणि मान खाली जाते, कॅमेरा "लक्ष नाही" म्हणून पकडतोय आणि बरोबरच पकडतोय. निपाणीच्या बाजूच्या पोरांना तंबाखू सोड म्हणणं माझ्या हातात नाही, थांबून मळ एवढं सांगितलंय, किंवा आधीच मळून डबीत ठेव.

चोर्ल्यात कणकुंबीच्या पुढं रेंज जाते, पिकअप नकाशावर पाऊण तास एकाच जागी दिसते. पहिल्यांदा घाबरलो होतो. डबा रेंज नसताना सगळं आत साठवून ठेवतोय आणि रेंज आली की पाठवतोय, त्यामुळं नंतर पूर्ण रस्ता दिसतोय, पण त्या वेळेला गाडीला काही झालं तर तुम्हाला कळणार नाही हे लक्षात ठेवा. आम्ही पिकअपवाल्यांना साखळीला उतरल्यावर एक मिस्ड कॉल द्यायला सांगितलंय, जुनी पद्धतच बरी.

बसवणाऱ्याबद्दल माझी तक्रार मोठी आहे. एका गाडीला त्या पोरानं इग्निशनची वायर मधेच सोलून जोड दिला आणि नुसती टेप गुंडाळली. वीस दिवसांत बॅटरी दोनदा उतरली, दुसऱ्यांदा कागलला, भरलेली गाडी, दुपारचं ऊन. आमच्या नेहमीच्या वायरमननं उघडून दाखवलं, टेप वितळून वायर उघडी पडलेली, तिथंच आग लागली असती. मग सातही गाड्यांची वायरिंग त्याच्याकडनं फ्यूज टाकून परत करून घेतलो, गाडीमागं ४५० रुपये. तुम्ही घेताना पहिल्यापासनंच तुमचा वायरमन उभा करा. दुसरं, ऑक्टोबरात तीन गाड्यांची सिम रिचार्ज करायची कंपनी विसरली आणि पाच दिवस ॲपवर त्या गाड्या यार्डातच उभ्या दाखवत होत्या, प्रत्यक्षात एक चाकणला होती. ॲपमध्ये बारीक अक्षरात "शेवटचं अपडेट" म्हणून वेळ असते, ती रोज बघायची सवय लावा. कस्टमर केअरला फोन लागतोय पण पहिली दहा मिनिटं हिंदी-इंग्रजीत बटणं दाबण्यात जातात.

आवाजाचं पण तेच. बझरनंतर एक बाई हिंदीत मोठी वाक्यं बोलते. आमचे चार ड्रायव्हर गोकाक, सौंदत्तीकडचे, हिंदी त्यांना कळते, पण पहाटे चारला दचकून जागं झाल्यावर डोक्यात पहिली घुसते ती आपली भाषा. रस्त्याच्या पाटीवर असतंय तसं "निधानवागि चलिसि" म्हटलं तरी पुरे, मराठीवाल्याला "सावकाश". अकरा महिने मागतोय, अजून दिलेलं नाही.

ड्रायव्हरांनी काय म्हटलं? पहिल्यांदा दोघं सोडून जायला निघाले. एकानं तोंडावर विचारलं, "सावकार, केबिन आमचं घर हाय, तितंच झोपतो, तितंच कपडे बदलतो, तिकडं बसून तुम्ही बघणार काय?" प्रश्न बरोबर होता. म्हणून इग्निशन बंद झाली की आतला कॅमेरा बंद, हे सेटिंग त्यांच्यासमोर करून घेतलं, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद, आणि क्लिप माझ्याशिवाय कुणी बघायची नाही, ड्रायव्हरांच्या ग्रुपवर तर अजिबात टाकायची नाही. दंडही कापत नाही. एक महिन्यानं त्याच माणसाच्या गाडीला हत्तरगी टोलजवळ मागनं एका कारनं ठोकलं आणि उलट हाच अचानक लेनमध्ये आला म्हणून पन्नास माणसं जमवली. त्याच्या पुढच्या कॅमेऱ्यात तो अर्धा मिनिट एकाच लेनमध्ये सरळ चाललेला दिसत होता, स्पीड बेचाळीस. पोलिसांना मोबाईलवर दाखवलं आणि विषय तिथंच संपला. तेव्हापासनं काच पुसताना कॅमेऱ्याची काचही तोच पुसतोय.

नवीन लोकांसाठी एक सूचना, गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटला लागतोय तो व्हीएलटीडी, म्हणजे सरकारी नियमाचा लोकेशनचा डबा, आणि हे दोन वेगळं. प्रवासी गाड्यांना १ जानेवारी २०१९ पासनं नवीन रजिस्ट्रेशनला तो सक्तीचा आहे, आणि कर्नाटकात नॅशनल परमिटच्या मालगाड्यांनाही लागू केलाय. तो सरकारमान्य यादीतल्या कंपनीचाच लागतोय, एआयएस-१४० मार्काचा, त्याला आणीबाणीचं लाल बटण असतंय. साधा जीपीएस दाखवून आरटीओत काम होत नाही. आमच्या काही गाड्यांत आता दोन-दोन डबे आहेत. घेताना दोन्ही एकात देणारा मिळाला तर पैसे वाचतील.

पैसे फिटले काय, तर इन्शुरन्समध्ये एक रुपया सूट मिळाली नाही. दहा-चाकीचं ॲव्हरेज लिटरला साडेतीन किलोमीटरचं पावणेचारला गेलं, न्यूट्रल सुटलं आणि उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं कमी झालं म्हणून असेल. लोकल ड्रायव्हरचा पगार आणि हॉल्ट भत्ता धरला तर मी अजून थोडा तोट्यातच आहे. तरी मी पाचपैकी चार देतो, एक कापला तो वायरिंगचा आणि सिमचा.

पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे, २८,००० होतात. नऊही गाड्यांचं करणार. कराडला लागलं होतं तो ड्रायव्हर आठ महिन्यांपासनं परत लाईनवर आहे, त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर आता दर ट्रिपला जागेपणाचे तास लिहून देतो, त्याची बायको बघून घेते. डीलरला सांगितलंय कन्नड-मराठी आवाज टाकून दे, मग पैसे सोडतो. त्यानं पंधरा दिवस मागितलेत. मिळाला तर इथं खाली लिहीन.